तेबा

(दृश्य : नवगावचा किनारा. ओहोटी. वाळूत कलंडलेल्या होड्या.)

अलिबागजवळचं हे नवगाव. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, सांगत आली, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथं फुटलं. सात पुरुष नि सात बायका तेवढ्या तरल्या. पोथ्या समुद्राने नेल्या.

मी धर्मशास्त्राच्या कॉलेजात हिब्रू शिकवतो. 'सात' ऐकलं की माझ्यातला परीक्षक जागा होतो. बायबलातल्या उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, जलप्रलयाआधी, देव नोहाला सांगतो, प्रत्येक जातीची एक जोडी घे. सातव्यात सांगतो, शुद्ध पशूंच्या सात सात घे. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाण्याचा जोर दीडशे दिवस. दोन कथा एकात विणल्यात, हे दाखवण्यात माझी उमेद गेली. फळ्यावर एक निळ्या खडूने, एक लाल. पोरं उतरवून घेतात, परीक्षेत ओकतात आणि पुढे पाळक होऊन रविवारी एकच गोष्ट सांगतात. बरोबरच करतात म्हणा.

अलिबागच्या इस्रायल आळीत, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एका काकांना मी विचारलं होतं, "काका, नेमके सातच कसे? आकडा पवित्र शास्त्रातला वाटतो."

"मग किती सांगू, मास्तर? तुमच्या पेपरात बसतील तेवढे?"

(दृश्य : बाजार. कोळणींच्या पाट्या.)

पोथ्या गेल्या, मग उरलं काय? शनिवारी तेलाचा घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. मुलाची आठव्या दिवशी सुंता. पाटीतला खवल्यांचा मासा तेवढा घ्यायचा. चिंबोरी नाही, कोळंबी नाही. तेही या किनाऱ्यावर! आणि 'शमा यिस्राएल' ('हे इस्राएला, ऐक'), बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली एक ओळ, मरणाला आणि बारशालाही तीच. पाठभेद जुळवणाऱ्या माणसाला हे पचायला जड जातं. संहिता हाताशी नाही आणि मासे निवडताना ती पाळली जातेय.

1832 साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, याच मंडळींसाठी. हेतू धर्मांतराचा, आणि तो लपवलेलाही नव्हता. मंडळींनी व्याकरण ठेवून घेतलं. बाप्तिस्मा बहुतेकांनी घेतला नाही. आमच्या घराण्याने बाप्तिस्मा घेतला, व्याकरण मात्र माझ्यापर्यंत कुणी उघडलं नाही.

चर्चमध्ये उपदेशाला उभा राहतो तेव्हा मी 'जुना करार' म्हणतो. काकांचं तेच एक शास्त्र; त्यांच्यासमोर तो 'जुना' जिभेवर अडतो. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाचं तारू बाप्तिस्म्याचं चिन्ह होतं; आठ जण पाण्यातून वाचले, असं ते पत्र मोजून सांगतं. या वाचनावर माझा जीव आहे. पण ते आमचं वाचन आहे, एवढं आता वेदीजवळून बोलून दाखवतो. एकदोघांना आवडत नाही.

(दृश्य : सिनेगॉग. मधोमध कठड्याचा लाकडी चौथरा.)

तारवाला हिब्रूत 'तेवा'. अख्ख्या तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलात, हा शब्द दोनच गोष्टींत येतो : नोहाचं तारू, आणि बाळ मोशेला नदीत सोडलं तो लव्हाळ्याचा पेटारा. मराठी बायबलात 'तारू' आणि 'पेटारा' असे दोन शब्द पडले नि धागा तुटला. दोन्हींना डांबर चोपडलेलं. दोन्हींच्या वर्णनात शीड नाही, सुकाणू नाही. कोळ्याला सांगा, तो म्हणेल, ही होडी कसली, ही पेटी! हे सगळं मी वर्गात रंगवून सांगायचो. दोनच जागा, दोनच जागा.

काकांनी त्या चौथऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला. "हा तेबा. इथून तोरा वाचतात."

माझ्या टिपणांत मिश्ना या जुन्या ज्यू नियमग्रंथातला 'तेवा'सुद्धा होता, तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची गुंडाळी, ठेवायच्या पेटीचा. तो मी तळटीपेत टाकला होता. इथे माणसं त्याच नावावर चढून वाचत होती, कठड्याला धरून.

शुक्रवारची संध्याकाळ. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आळीतली बहुतेक घरं इस्रायलला गेलीत. काकांनी बाकांवर नजर फिरवली, ओठांत मोजलं. इथल्या पुष्कळांपेक्षा मला हिब्रू जास्त येतं. मी भिंतीलगतच्या बाकावर, उसनी टोपी घालून.

"नऊ," काका म्हणाले.

कुणीतरी पेणहून निघालाय, असं समजलं. आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो.