तंबू खाणारी बुरशी

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. पॅसिफिक महासागरातली सॉलोमन बेटं. अमेरिकी सैन्याचे तंबू, गणवेश, दप्तरं, सुती असेल ते सगळं दमट हवेत भराभर कुजत होतं. सैन्याच्या प्रयोगशाळेनं कुजक्या कापडांवरच्या बुरशा गोळा केल्या. त्यातल्या एकीला क्रमांक मिळाला क्यूएम ६ए. पुढे संशोधक एल्विन रीस यांच्यावरून तिचं नाव पडलं ट्रायकोडर्मा रीसाय. कापड वाचवायचं कसं, इथून निघालेले रीस आणि मेरी मँडेल्स लवकरच वेगळ्या प्रश्नात रमले: ही बुरशी कापड पचवते तरी कशी?

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बाहेर सोडते. अन्न बाहेरच पचतं आणि तयार साखर ती शोषून घेते.

कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, वनस्पतींच्या पेशीभित्तिकेचा मुख्य घटक. भातातही ग्लुकोज, सदऱ्यातही ग्लुकोज. पण सदऱ्यातली जोडणी निराळी, म्हणून तो आपल्याला पचत नाही. शिवाय सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की विकराला शिरायला फट सापडत नाही.

म्हणून एकट्यादुकट्या विकराचं हे काम नव्हे. एक विकर साखळी मधेच तोडतं. त्यातून मोकळं टोक तयार होतं. ते टोक धरतं सेल ७ए नावाचं दुसरं विकर. या रेणूच्या अंगात एक बोगदाच असतो. साखळी त्यात ओवली जाते आणि दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पडत जातात. हे जोडतुकडे साचले, तर सेल ७ए स्वतःच मंदावतं. तेव्हा तिसरं विकर ते फोडून सुटं ग्लुकोज करतं.

हे काम कसं चालतं, ते पाहणारा प्रयोग टोकियोतल्या संशोधकांनी 2011 साली मांडला. त्यांनी सेल ७ए चे रेणू सेल्युलोजवरून सरकताना प्रत्यक्ष टिपले. वेग सेकंदाला सुमारे 7 नॅनोमीटर. पुढचा रेणू अडला, की मागचे सगळे खोळंबतात, अगदी घाटात ट्रक बंद पडावा तसे. सेल ६ए हे आणखी एक विकर घातलं, की नव्या वाटा उघडतात आणि कोंडी सुटते.

2008 मध्ये या बुरशीचा जनुकसंच वाचला गेला. तिच्यासारख्या इतर बुरशांपेक्षा सेल्युलोज तोडणारी जनुकं तिच्याकडे कमीच निघाली! आहेत त्यांच्याकडून ती कसून काम करून घेते, एवढंच. उद्योगात वापरले जाणारे तिचे वाण क्यूएम ६ए या त्याच एका नमुन्यापासून घडवलेले आहेत. जीन्सला विटका रंग आणायलाही असली विकरं वापरतात.

पेंढ्याशी गाठ पडली, की मात्र ती अडते. तिथं सेल्युलोजभोवती लिग्निनचं, म्हणजे वनस्पतींना कडकपणा देणाऱ्या द्रव्याचं, कवच असतं आणि ते फोडणं तिच्या आवाक्यात नाही. म्हणून पेंढ्यापासून इथेनॉल करताना आधी उष्णता, वाफ किंवा आम्लानं पेंढा सैल करावा लागतो. लिग्निन फोडणाऱ्या बुरशा वेगळ्या. आपल्याकडे सोयाबीनच्या कुटारावर आणि गव्हाच्या काडावर वाढवतात, ती धिंगरी अळिंबी त्यांच्यातलीच.