ठेवीच्या पावतीवर आधी काय वाचायचं

मुदत ठेवीची पावती हातात पडली की नजर दोनच जागी जाते: व्याजाचा दर आणि मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम. हे दोन्ही आकडे संगणकाने छापलेले असतात, ते सहसा चुकत नाहीत. चुकतं ते काउंटरला उभ्या उभ्या, मागच्या माणसाची घाई ऐकत आपण भरलेलं. नावांचा क्रम, खातं कोणी चालवायचं याची सूचना, नॉमिनी आणि मुदत संपल्यावर काय करायचं तो रकाना. पुढे पैसे अडकतात आणि घरात वाद होतात ते याच चार ठिकाणी. म्हणून व्याजदरावर आज मी फारसं बोलणार नाही.

मुळात ठेव म्हणजे काय ते आधी बघू. लॉकरमध्ये ठेवलेला दागिना तुमचाच राहतो, बँकेला त्याला हात लावता येत नाही. ठेवीचं तसं नाही. ठेव म्हणजे तुम्ही बँकेला दिलेलं कर्ज. कायद्याने तुम्ही धनको आणि बँक ऋणको. ते पैसे बँक वापरणारच, वापरले नाहीत तर तुम्हाला व्याज कुठून देणार? गोळा झालेल्या दर शंभर रुपयांतले तीन रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावे लागतात. हा सीआरआर. तो पूर्वी चार टक्के होता, २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने तीनवर आणला. आणखी अठरा रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत, हा एसएलआर. उरलेल्यातून घरकर्ज, टेम्पोचं कर्ज, दुकानदाराचं कॅश क्रेडिट. तुमची ठेव एक वर्षाची आणि घरकर्ज वीस वर्षांचं, म्हणजे सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात आले तर धडधाकट बँकेलाही सगळ्यांचे पैसे मोजून देता येणार नाहीत. हा धंदाच तसा आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी असते तेव्हा काय होतं ते २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले त्या वेळी मुंबईने पाहिलं. सुरुवातीला एका खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते.

अशा वेळी उपयोगी पडतो ठेव विमा. त्याच्या जन्मकथेत आपल्याकडचं एक गाव आहे, अकोला. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. संसदेत कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून माणशी १,५०० रुपयांचा विमा सुरू झाला. ही मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं थांबली. पीएमसीनंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून घेत नाही. विमा देणारी संस्था डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेची उपकंपनी.

आता हे पाच लाख मोजायचे कसे? इथे बऱ्याच जणांची फसगत होते. पाच लाख म्हणजे एका बँकेत, एका ठेवीदाराला, सगळ्या शाखांची बेरीज करून, मुद्दल आणि व्याज धरून. दादर शाखेत ४,८०,००० ची मुदत ठेव आहे, तिच्यावर ३५,००० व्याज जमलंय आणि ठाणे शाखेत बचत खात्यावर ४०,००० आहेत, तिन्ही एकाच नावावर. बेरीज ५,५५,०००. विम्याचे पाच लाख मिळतील, वरच्या ५५,००० साठी बँकेच्या मालमत्तेतून काय वसूल होतं त्याची वाट पाहायची. म्हणून पाच लाखांच्या आत राहायचं तर ठेव साडेचारच्या आसपास ठेवावी, व्याजाला जागा सोडावी. त्याच बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर ते आधी वळतं होतं.

मात्र एकट्याच्या नावावरची खाती वेगळी आणि जोडनावाची वेगळी मोजतात. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरच्या ठेवींना पाच लाख, बायकोच्या एकटीच्या नावावर पाच लाख, नवरा पहिला आणि बायको दुसरी अशा खात्यांना मिळून पाच लाख, आणि बायको पहिली व नवरा दुसरा असेल तर त्यांना पुन्हा वेगळे पाच लाख. नावांचा क्रम बदलला की तो वेगळा हक्क धरला जातो. म्हणजे दोन माणसांना एकाच बँकेत नियमात बसून वीस लाखांपर्यंत विमा मिळू शकतो. उलट, 'आमच्या चार पावत्या आहेत' म्हणणाऱ्यांच्या चारही पावत्यांवर तीच दोन नावं त्याच क्रमाने असतील तर त्यांना विमा पाच लाखांचाच.

दोन गोष्टींना हा विमा नाही. एक, सहकारी बँकेतले तुमचे भाग, म्हणजे शेअर. कर्ज घेताना भाग घ्यायला लावतात, ते भांडवल असतं, ठेव नव्हे. दुसरी पतसंस्था. नावापुढे 'नागरी सहकारी' असलं आणि आत काउंटर, पासबुक, शिपाई सगळं असलं तरी पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि डीआयसीजीसीचा विमाही नसतो. एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं ते या जोखमीचं, असं समजावं. पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत असं मी म्हणत नाही. पण निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवणं मला पटत नाही.

बँकेवर पैसे काढायची बंदी आली तर २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे नव्वद दिवसांत विम्याचे पैसे मिळतात. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत बँक ठेवीदारांची यादी आणि दावे डीआयसीजीसीकडे पाठवते, पुढच्या पंचेचाळीस दिवसांत छाननी होऊन पैसे येतात. ते आपोआप मात्र येत नाहीत. शाखेत संमतीपत्र, ओळखीचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर द्यावा लागतो. केवायसी अर्धवट असलेले आणि दुसऱ्या कुठल्याच बँकेत खातं नसलेले लोक इथे मागे पडतात. पाच लाखांच्या वरच्यांचं काय होतं? पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरलं आणि शेवटचा हप्ता दहा वर्षांनी.

नावांच्या क्रमाला आणखी दोन कामं आहेत. ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर, बहुतेक ठिकाणी अर्धा टक्का, पहिलं नाव ज्येष्ठाचं असेल तरच लागतो. आणि टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा कर, कापला जातो तो पहिल्या नावाच्या पॅनवर. मुलाने स्वतःचं नाव पहिलं आणि आईचं दुसरं घातलं तर जादा दर गेला आणि व्याज मुलाच्या पॅनवर दिसू लागलं.

आता चालवण्याची सूचना. काउंटरवर 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणतात, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिला हयात आहे तोवर त्याचीच सही, दुसऱ्याला नंतर. आणि 'जॉइंटली' म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. बचत खात्याला 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' सरळ चालतं. मुदत ठेवीत मात्र एक खोच आहे. मुदत संपल्यावर एकाची सही पुरते, पण मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात. आणि दोघांतला एक वारला, तर मुदतीआधी ठेव मोडायला बँक त्याच्या कायदेशीर वारसांची संमती मागू शकते. दवाखान्याचं बिल भरायची वेळ आली की हे पहिल्यांदा कळतं. उपाय सोपा आहे. 'दोघांपैकी एक मृत झाल्यास हयात असलेल्यास मुदतीपूर्वी रक्कम काढता येईल' असं दोघांच्या सहीचं पत्र बँकेत देऊन ठेवायचं. ठेव ठेवताना राहिलं असेल तर मधे कधीही देता येतं. बऱ्याच बँकांच्या फॉर्मवर त्यासाठी चौकोनही असतो, बारीक अक्षरात, शेवटच्या पानावर. तो भरून पोच घ्यायची.

नॉमिनी. जोडनावाच्या खात्यात नॉमिनीचा हक्क सगळे खातेदार गेल्यावरच येतो. 'नवऱ्याचं नाव आहेच की, मग नॉमिनी कशाला' असं म्हणून रकाना कोरा सोडला जातो, आणि दोघंही गेल्यावर मुलं कागद गोळा करत बसतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी नेमता येतात, एकाच वेळी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. टक्केवारीची बेरीज शंभर व्हायला हवी. लॉकरला मात्र क्रमानेच. सही करणाऱ्याला साक्षीदार लागत नाही, अंगठा असेल तर दोन लागतात. अल्पवयीन नॉमिनी असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही द्यावं. फॉर्म दिल्याची पोच मागून घ्या आणि पासबुकावर, पावतीवर नॉमिनेशन नोंदवल्याचा उल्लेख आहे का बघा. फॉर्म ड्रॉवरमध्ये राहतो आणि संगणकात चढत नाही, हा प्रकार आपण समजतो त्याहून जास्त घडतो.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारणारा विश्वस्त. त्याच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी झाली, पण वारसांचा हक्क तसाच राहतो. कोणाला किती द्यायचं ते ठरवायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागतं.

खातेदार गेल्यावर नॉमिनी असेल तर मृत्यू दाखला, दाव्याचा अर्ज आणि नॉमिनीचा ओळख पुरावा एवढ्यावर काम होतं, वारस दाखला मागायचा नसतो. नॉमिनी नसेल आणि कोणी हरकत घेतलेली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेत पंधरा लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत हमीपत्र व इतर वारसांचं ना-हरकत घेऊन पैसे द्यायचे आहेत. कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांत दावा मिटायला हवा. अडतं कुठे? दाखल्यावर 'रामचंद्र', पासबुकात 'आर. जी.', आधारवर आणखी तिसरंच. हयात असताना हे जुळवून घेतलं तर एक अर्ज पुरतो. आणि मृत व्यक्तीचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. मृत्यूनंतर जमा झालेलं पेन्शन बँक परत मागते, आणि तोवर खातं रिकामं झालेलं असलं की तुमच्या साध्या दाव्याचा वाद होतो.

शेवटचा रकाना मुदत संपल्यावर काय करायचं याचा. आपोआप नूतनीकरण निवडलं तर त्या दिवशीचा दर लागतो, जुना नाही. काहीच निवडलं नसेल आणि ठेव तशीच पडून राहिली, तर ठेवीचा मूळ दर आणि बचत खात्याचा दर यांतला जो कमी तो मिळतो. बचत खात्यात दोन वर्षं तुम्ही स्वतः व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज हा तुमचा व्यवहार धरत नाहीत. निष्क्रिय खात्यावरही व्याज चालू राहतं, किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. तिथे गेली तरी बुडत नाही, आपल्या बँकेतूनच दावा करून मिळते. वडिलांची अशी ठेव कुठे आहे का ते उद्गम पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून शोधता येतं. सगळ्या बँका मात्र तिथे नाहीत, गावातल्या छोट्या सहकारी बँकेची यादी तिच्याच वेबसाइटवर किंवा शाखेत बघावी लागते.

मोडण्याबद्दल थोडं. पाच लाखांची ठेव तीन वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवली आणि चौदा महिन्यांनी मोडली, तर सात टक्के मिळत नाहीत. ठेव ठेवली त्या दिवशी चौदा महिन्यांना जो दर होता तो, समजा साडेसहा, आणि त्यातून एक टक्का दंड वजा, म्हणजे साडेपाच. दरमहा व्याज घेत असाल तर जास्त गेलेलं व्याज मुद्दलातून कापतात, म्हणून हातात पाच लाखांपेक्षा कमी येतात आणि काउंटरला भांडण होतं. पाच लाखांची एक पावती करण्यापेक्षा लाखालाखाच्या पाच कराव्या, गरज पडेल तेवढीच मोडता येते. थोड्या दिवसांची नड असेल तर ठेवीवर कर्ज घ्यावं. बहुतेक बँका ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, ठेवीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त लावून देतात, आणि मूळ ठेव चालू राहते.

यातलं काही शाखेत नाकारलं तर तोंडी बोलून घरी येऊ नका. लेखी तक्रार, तारीख, पोच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन किंवा टपालाने तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. पतसंस्थेची तक्रार लोकपाल घेत नाही, ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते.