बोर्डोच्या बादलीतील उष्णता

सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात फळछाटणीनंतर ढगाळ, दमट हवा टिकून राहिली, की द्राक्षबागायतदार डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या धास्तीने बोर्डो मिश्रण या फवारणीच्या औषधाच्या तयारीला लागतो. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यामागे १ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे सल्फेट, घेतात आणि कळीचा चुना त्याच्या प्रतीप्रमाणे कमी-अधिक घालतात. मोरचूद पाण्यात मुकाट विरघळते. चुना मात्र गाजावाजा करतो.

पाणी पडल्यावर चुन्याचे खडे काही क्षण स्वस्थ असतात. मग ते चरचरतात, तडकतात, फुगून भुकटी होतात आणि वाफेचे लोट येऊ लागतात. खाली जाळ नसताना बादलीला हात लावणे अशक्य होते. कळीच्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडचा, पाण्याशी संयोग होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होताना दर मोलमागे (मोल हे पदार्थाचे ठरावीक कणसंख्येचे माप) सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि १ किलो शुद्ध चुन्याच्या हिशेबाने ती साडेतीन लिटर पाण्याला आधण आणण्याइतकी भरते. पाठ्यपुस्तकात हिला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात. बादलीवर बेसावधपणे वाकणाऱ्याला मात्र तिची ओळख पुस्तकावाचूनच होते.

ही उष्णता भट्टीची देणगी आहे. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडी भाजताना तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सुटा होण्यासाठी दर मोलमागे १७८ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे ती अभिक्रिया उष्माग्राही आहे. त्यातील ६५ किलोज्यूल बादलीत परत मिळतात. उरलेले ११३ किलोज्यूल, चुन्याच्या निवळीवर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पांढरी साय धरते तेव्हा, कोणाला कळणारही नाही इतक्या सावकाश बाहेर पडतात, कारण ती साय म्हणजे पुन्हा चुनखडीच असते. टप्पे कितीही असोत, आरंभ आणि शेवट तेच असतील तर उष्णतेची बेरीज बदलत नाही, हा नियम रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडला.

जाणता बागायतदार चुना पूर्ण निवल्याखेरीज त्यात मोरचुदाचे द्रावण ओतत नाही, कारण उष्णतेने तांब्याचा निळा, बारीक साका भरड होतो, काळपट पडू लागतो आणि पानाला नीट चिकटत नाही. शेवटी तो मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी निवळी घालतो. लोखंडावर तांबे चढण्याची ही अभिक्रियाही उष्मादायीच आहे. परंतु चढलेले तांबे इतके अल्प असते, की शंभर लिटर पाण्यात तिची ऊब हाताला लागत नाही.