स्वारी निघाली ग्रंथालयाला

(दृश्य: प्लॅटफॉर्म. कॅमेरा अगदी खाली.)

कॅमेरा मुद्दामच इतका खाली लावलाय, जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवर. दोन वर्षांच्या मुलीला जग इथून दिसतं. गुडघे, पिशव्या, सूटकेसची चाकं. माणसांना इथे चेहरेच नसतात.

"आपण पुस्तकं बघायला जायचं हं," असं आईने घरापासून दहादा सांगितलंय. पण स्वारीच्या लेखी गाडीत बसणं हाच मुळात कार्यक्रम.

(दृश्य: खिडकी.)

काचेला नाक लावून ती उभी आहे. श्वासाने काच धुरकटते, ती बोटाने रेघ ओढते, रेघ विरते की पुन्हा श्वास. चार स्टेशनं हेच चाललंय. मध्ये नदी येऊन गेली. आई "बघ, बघ" म्हणेपर्यंत पूल संपलासुद्धा.

खालून ठोके ऐकू येतात. उन्हात रूळ तापून लांबतात, म्हणून जोडावर बारीक फट सोडलेली असते. चाक तिच्यावरून गेलं की खट्! सलग जोडलेल्या नव्या रुळांवर ही गंमत फारशी उरलेली नाही. कारण काही का असेना, ही ठोक्यावर मान डोलावतेय.

(दृश्य: ग्रंथालयाच्या पायऱ्या.)

एका पायरीवर दोन्ही पावलं टेकली की मगच पुढची. एकाआड एक पाय टाकत चढणं तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतं. या पायऱ्या इमारतीला रुबाब यावा म्हणून बांधल्या असाव्यात, चढणाऱ्यांचा विचार करून नक्कीच नाही.

आत मोठ्यांच्या दालनात पुस्तकांच्या कण्यांवर आकडे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेल्या दशांश वर्गीकरणात हत्ती सापडायचा तर ५९९ गाठायचं. ते घर सस्तन प्राण्यांचं. बालविभागात मात्र पुस्तकं बुटक्या खोक्यांत, मुखपृष्ठं समोर. हत्ती दिसला, उचलला, झालं.

(दृश्य: पुस्तक, अगदी जवळून.)

जाड पुठ्ठ्याची पानं, कारण पातळ कागद सुटा करणं या बोटांना अजून जमत नाही. कोपरे गोल. एका कोपऱ्यावर बारीक दातांच्या खुणा आहेत, आधीच्या कुठल्यातरी वाचकाच्या. आई वाचते. "पुन्हा." पुन्हा वाचते. "पुन्हा." ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. या वाचकाला वेळ वाचवायचाच नाहीये. तेच तेच ऐकून नवे शब्द पक्के होतात हे खरं, पण सातव्या खेपेला आईचा आवाज बसलाय.

(दृश्य: काउंटर.)

आता पेच. नोंद करायला पुस्तक द्यावं लागेल आणि ही देणार नाही. ओठ बाहेर आलाय, भोंगा कधीही वाजेल. ग्रंथपालबाई काउंटरमागून बाहेर येतात, समोर उकिडव्या बसतात आणि पुस्तक तिच्याच हातात ठेवून त्यावर स्कॅनर धरतात. बीप! तिला हसू फुटतं. सकाळपासून कॅमेऱ्याच्या उंचीला आलेला हा पहिला अनोळखी चेहरा.

(दृश्य: परतीची गाडी.)

दुसरं स्टेशन यायच्या आत डोळे मिटलेत. आई हळूच पुस्तक काढायला जाते, तशी मूठ घट्ट होते.

नदी येते. आई या वेळी काही बोलत नाही.