रविवारची मिसळ आणि रात्रीचं पाकीट
(नाशिकच्या गोदाघाटावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'खाण्याचं व्यसन' हा विषय जाहीर झाल्यापासून जो तो मला विचारतोय, "ताई, मिसळ बंद करायची का?" (हशा) मुळीच नाही. रविवारी घरदार घेऊन गंगापूर रोडला जायचं, नंबर लावून बसायचं, नाक पुसत रस्सा पुन्हा पुन्हा मागून घ्यायचा, याला मी व्यसन म्हणणार नाही. सोमवारी आपण पोहे खाऊन निमूट कामाला लागतोच की.

माझा राग वेगळा आहे. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी एक बाई आल्या. सातपूरला कारखान्यात पाळीवर काम. रात्री घरी आल्या की मुलांसाठी आणलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा उघडायच्या, एकच घेईन म्हणून. ओट्यापाशी उभ्या उभ्याच पुडा संपायचा. मग त्याचा कागद दुधाच्या रिकाम्या पिशवीत कोंबून कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी, घरच्यांना दिसू नये म्हणून. हे सांगताना त्यांची नजर खाली होती. आधी ज्या डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, "तोंडावर ताबा ठेवा." अहो, ही बाई हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेता पाळी भरते! तिला ताब्याचे धडे? भाकरी-पिठलं असं लपून खाल्लेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नाही. तेव्हा दोष बाईत शोधण्याआधी पुड्यात काय आहे ते बघा.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. मुख्य मुद्दा भराभर सांगते.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये व्यसनाचे निकष खाण्याला लावून एक प्रश्नावली केली. ठरवलं त्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का? सोडायचा प्रयत्न फसतो का? त्रास होतोय हे कळूनही चालूच राहतं का? पुढे कोणत्या पदार्थांबाबत असं होतं ते विचारलं, तर चॉकलेट, आइस्क्रीम, पिझ्झा, चिप्स वर आले. काकडी, गाजर तळाला. फळात साखर असते, दाण्यात तेल असतं. पण मैदा-साखर आणि तूप-तेल असं ठासून एकत्र निसर्गात सहसा मिळत नाही, ते कारखान्यात जमवलं जातं. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी २० जणांना दोन आठवडे कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात साखर, चरबी, चोथा सारखाच, हवं तेवढं खायची मुभा. कारखानी अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मनोविकारांच्या २०१३ च्या सूचीत अन्नाचं व्यसन नाही, हे खरं. अनावर खाण्याचा विकार मात्र आहे. वाद चालू राहील. पण फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने १९८५ मध्ये जनरल फूड्स आणि १९८८ मध्ये क्राफ्ट या खाद्यपदार्थांच्या कंपन्या विकत घेतल्या, हेही त्या वादात धरा. चिलीने २०१६ पासून अशा खाण्याच्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. आपल्याकडेही तेच हवं, आणि ठसठशीत मराठीत हवं.

मागून कुणी विचारतंय, चिवड्याचं काय? तेल, मीठ, कुरकुरीतपणा तिथेही आहेच. वाटीत काढून घ्या, डबा झाकून वर ठेवा आणि मगच टीव्हीसमोर बसा.