पाहुणा म्हणतो, "पैसे जास्त गेले, तेवढे परत करा". तेव्हा काय करायचं?

नमस्कार मंडळी. वाई-पाचगणी, बामणोली-तापोळा, कासच्या वाटेवरची गावं, जिथे जिथे लोक आपल्या घरातल्या दोन-चार खोल्या पर्यटकांना देतात, त्या सगळ्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. आधी एक मेसेज वाचून दाखवते. थोड्याफार फरकाने हा मेसेज तुमच्याही फोनवर येऊ शकतो.

(स्क्रीनवर मेसेज)

"मॅडम, मी आर्मीत आहे. फॅमिली येतेय, दोन खोल्या, चार दिवस. रेट तुम्ही सांगाल तो. अॅडव्हान्स आत्ताच देतो. क्यूआर पाठवलाय, तो स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील."

आता यात काय नाही ते बघा. खरं कुटुंब येणार असेल तर पहिला प्रश्न असतो गाडी दारापर्यंत येते का. मग आजीला पायऱ्या किती चढाव्या लागतील, जेवण घरचं मिळेल का, लहान मुलाला दूध मिळेल का. इथे एकही प्रश्न नाही, फक्त पैशाची घाई आहे. आणि आर्मीचं नाव का, तर आपला सातारा जिल्हा फौजींचा. अपशिंगे गावाला आपण अपशिंगे मिलिटरी म्हणतो. जवान म्हटलं की आपला हात आखडत नाही, तिथेच हे लोक घुसतात. तो वर्दीतला फोटो पाठवेल, कॅन्टीन कार्ड पाठवेल. "आमच्याकडे पेमेंटची पद्धतच अशी आहे" म्हणेल. अशी कुठलीही पद्धत नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्ट बंद झाली, पण क्यूआर पाठवून गंडवणं चालूच आहे. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा, आणि स्वयंपाकघरात काम करताना ज्यांच्या हातात फोन असतो त्यांना आधी सांगा.

आता आजचा मुख्य मुद्दा. समजा अॅडव्हान्स ठरला १,५०० रुपये. थोड्या वेळाने फोन येतो, "अहो, चुकून १५,००० गेले, एक शून्य जास्त पडलं. हॉस्पिटलचे पैसे आहेत, तेवढे १३,५०० परत टाका." सोबत स्क्रीनशॉट येतो, एसएमएससुद्धा येतो. तो एसएमएस नीट बघा. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, अक्षरांच्या नावाने येतो. आणि स्क्रीनशॉट तर कुणीही बनवू शकतो, तसली खोटी अॅप्सच आहेत. म्हणून मेसेजवर जायचंच नाही. फोन ठेवायचा, आपल्या बँकेचं अॅप उघडायचं, खात्यात रक्कम दिसते का बघायचं. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक असतो, तो आपल्या स्टेटमेंटमध्ये शोधायचा. नसेल तर विषय संपला.

पण समजा पैसे खरंच आलेत, तर? इथे आपली माणसं फसतात, कारण आपल्याला दुसऱ्याचे पैसे ठेवून घेणं पटत नाही. तो म्हणतो, "ज्या नंबरवरून आले त्यावर नको, हा माझ्या भावाचा नंबर, यावर टाका." तसं करू नका. आलेले पैसे तिसऱ्याच कुणाकडून लुबाडलेले असू शकतात. ज्याचे पैसे गेले तो तक्रार करणार, पोलीस पैशाचा माग काढणार आणि त्या साखळीत तुमचं खातं सापडणार. बँक तेवढ्या रकमेवर लीन लावते, म्हणजे ती रक्कम अडवून ठेवते, कधी पूर्ण खातंच गोठवते. ऐन सीझनमध्ये किराणा, लाइटबिल, कामाला येणाऱ्या मावशींचा पगार, सगळं अडतं. म्हणून त्याला एकच उत्तर द्या: "तुमच्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार करा, माझी बँक मला विचारेल तेव्हा मी लगेच संमती देते." खरा माणूस थोडा वैतागेल, पण करेल. खोटा आवाज चढवेल. तुम्ही स्वतः बँकेला लेखी कळवून ठेवा आणि त्या पैशाला हात लावू नका.

याचंच दुसरं रूप आहे, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. पाहुणा घरात राहतोय, गोड बोलतोय, मुलांना चॉकलेट देतोय. रात्री म्हणतो, "ताई, इथे एटीएम लांब आहे. माझा मित्र तुमच्या खात्यावर दहा हजार टाकतो, मला तेवढी कॅश द्या." तापोळ्यासारख्या ठिकाणी ही अडचण खरी वाटते, कधी खरी असतेही. तरीही नाही म्हणा. सकाळी मेढ्याला किंवा महाबळेश्वरला जाणारी गाडी दाखवून द्या, जेवणाचे पैसे उद्या द्या म्हणा, वाटल्यास जेवण फुकट घाला. आपलं खातं मात्र वापरू द्यायचं नाही.

बुकिंग रद्द झालं तर रिफंड कसा? पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत. वेबसाइटवरून आला तर वेबसाइटवरून, ज्या खात्यातून आला त्याच खात्यात. ही ओळ बुकिंगच्या पहिल्या मेसेजमध्येच लिहा, म्हणजे नंतर वाद नको.

आता तक्रार करून रिफंड मागणारे. इथे मला आपल्या लोकांनाही थोडं बोलायचंय. प्रत्येक तक्रार खोटी नसते. महाबळेश्वरच्या पावसात भिंतीला ओल येते, गादीला कुबट वास लागतो, वीज जाते आणि गिझर बंद पडतो. पाहुण्याने दाखवलं आणि ते खरं असलं तर कबूल करा, खोली बदलून द्या, पैसे कमी करा. पण दोन रात्री राहून, पोटभर जेवून, निघताना "ढेकूण निघाले, सगळे पैसे द्या, नाहीतर एक स्टार देतो" असं कुणी म्हणालं, तर फोनवर बोलूच नका. "फोटो पाठवा, खोली आत्ता एकत्र बघू" असं बुकिंगच्या अॅपच्या चॅटमध्ये लिहा. रिव्ह्यूची भीती घालून पैसे मागणं एअरबीएनबी या बुकिंग अॅपच्या नियमात बसत नाही, पण त्याचा लेखी पुरावा लागतो. तिथे पाहुण्याने अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायची असते. आपल्या सामानाचं नुकसान झालं असेल तर आपण चेक-आउटनंतर १४ दिवसांच्या आत दावा करायचा असतो. म्हणून प्रत्येक पाहुणा येण्याआधी आणि गेल्यावर खोलीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. गादी उचलून, गिझर चालू करून, नळ सोडून.

आणि कासचं. "फुलं नव्हती, पैसे परत द्या" असंही म्हणतात. फुलं पावसावर आणि उन्हावर असतात. सीझनला कासच्या प्रवेशाचं ऑनलाइन बुकिंग वेगळं करावं लागतं, ते आपल्या खोलीच्या भाड्यात येत नाही. हे आधीच लिहून कळवा. घाटात दरड आली, रस्ता बंद झाला तर काय, तेही लिहा. माझं मत विचाराल तर दरडीच्या वेळी पैसे किंवा दुसरी तारीख द्यावी.

संशयी पाहुणा ओळखायचा कसा? चेहऱ्यावरून, आडनावावरून, लग्न झालंय की नाही यावरून नाही. दोन सज्ञान माणसांनी खोली घ्यायला लग्नाचा दाखला लागतो असा कुठलाही कायदा नाही. वागणं बघा: बुकिंग एकाच्या नावाचं, येतो दुसराच. दोघांचं सांगून बारा जण उतरतात. ओळखपत्र मागितलं की विषय बदलतो. तुमच्या पत्त्यावर पार्सल मागवू का विचारतो. ओळखपत्र प्रत्येक सज्ञान पाहुण्याचं घ्या. आधारच हवं असं नाही, लायसन्स चालतं. आधार दिलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा आणि त्यावरचा क्यूआर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अॅपने तपासा. झेरॉक्सवरून खरं-खोटं कळत नाही.

संशय आला तरी खोलीत कॅमेरा लावायचा नाही, पाहुण्याच्या बॅगेला हात लावायचा नाही. लपून चित्रण करणं गुन्हा आहे. अंगणात कॅमेरा असेल तर आधी सांगा. भांडण वाढायला लागलं आणि केअरटेकर एकटा असेल तर त्याने वाद न घालता बाहेर येऊन ११२ लावायचा.

पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यांत पळायच्या आत अडवले तरच हाती लागतात. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, मग आपली बँक. यूटीआर, चॅट, नंबर, काहीही डिलीट करू नका. तक्रारीचा क्रमांक पाहुण्यांच्या वहीत लिहून ठेवा, बँक तोच विचारते.

परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, २०२५ पर्यंत त्याला फॉर्म सी म्हणत. तो कसा भरायचा, पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर भरून दाखवते.