एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा

[दृश्य : मैदानावर हळूहळू उभा राहणारा प्रचंड फुगा]

हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून 20 एप्रिल 2005 रोजी हा फुगा सोडण्यात आला. त्याचे आकारमान 2 कोटी 67 लाख घनफूट होते. त्याला टांगलेल्या 459 किलो वजनाच्या उपकरणसंचाकडे एकच काम होते : 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा कोंडून खाली आणणे. या प्रयोगाचे प्रमुख अन्वेषक होते डॉ. जयंत नारळीकर. गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचना यांच्या समीकरणांत आयुष्य घालवलेला हा खगोलशास्त्रज्ञ जीवाणूंच्या शोधाकडे वळला, त्यामागे चार दशकांहून जुने एक विद्यापीठीय नाते होते.

[दृश्य : पोलादी नळ्या, जवळून]

या नळ्या सोळा आहेत. त्या आधी निर्जंतुक करून पूर्णपणे निर्वात केल्या जात आणि मग 38 किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या जात. ठरावीक उंची गाठली की जमिनीवरून संदेश जाई, एका नळीची झडप उघडे, आत शिरलेली विरळ हवा थंड भिंतींवर गोठून बसे आणि झडप पुन्हा मिटे. उंचीचा टप्पा बदलला की नळीही बदले. पंप न लावता हवा आत खेचण्याची ही युक्ती दिसायला साधी असली, तरी खरी कसोटी स्वच्छतेची होती; कारण माणसाच्या बोटावरचा एखादा जीवाणू जरी आत राहिला असता, तरी सारा खटाटोप वाया गेला असता.

[दृश्य : केम्ब्रिज, जुनी कृष्णधवल छायाचित्रे]

1960 साली नारळीकर केम्ब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी झाले. विश्वाला आरंभ नाही आणि ते सर्वकाळ सारखेच दिसते, असा हॉइल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धान्त होता. पुढच्याच वर्षी रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आकाशातील रेडिओ लहरींच्या स्रोतांच्या मोजणीवरून त्याला आव्हान दिले, आणि या आव्हानाचे उत्तर हॉइल यांनी आपल्या या नवख्या विद्यार्थ्यासोबत लिहिले. 1964 साली दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. कणाचे वस्तुमान हा त्याचा एकट्याचा गुण नसून विश्वातील इतर सर्व कणांशी असलेल्या संबंधांतून ते येते, ही भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांची कल्पना त्यांनी गणितात बसवली. या सहकार्याची पुढची मोठी पायरी 1993 सालची : हॉइल, खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांचे अर्धस्थिर विश्व, ज्यात एकच एक महास्फोट नाही. बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही.

याच हॉइल यांचे त्या काळातले दुसरे विद्यार्थी होते श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे. जीवनाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत, हा विचार गुरू-शिष्यांच्या या जोडीने नेटाने मांडला आणि त्याबद्दल पुष्कळ टीका सोसली. नारळीकरांनी त्या वादात नुसती बाजू घेतली नाही. तो विचार तपासता येईल का, हे पाहिले. आमच्या मते या माहितीपटाचा खरा विषय हाच आहे. जानेवारी 2001 मध्ये पहिला फुगा गेला आणि त्याचे नमुने विक्रमसिंघे यांच्या कार्डिफ विद्यापीठातही पोहोचले.

[दृश्य : प्रयोगशाळा, पांढरे हातमोजे, काचेच्या बश्या]

दुसऱ्या वेळी, म्हणजे 2005 च्या फुग्यासाठी, इस्रोच्या पाठबळावर इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव आणि जीवशास्त्रज्ञ पी. एम. भार्गव मार्गदर्शक झाले, तर नमुन्यांची जैविक तपासणी हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात एस. शिवाजी यांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांनी केली. दोन शहरांतील दोन प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने काम करावे, हा आग्रह मुद्दाम धरला गेला होता, कारण एकीचे निष्कर्ष दुसरीने पडताळावेत अशी योजना होती.

जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यांतील तीन जीवाणू नव्या प्रजातींचे निघाले, आणि आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरणांचा मारा ते अधिक सोसतात, असे आढळले. ते अंतराळातूनच आले, असे मात्र या प्रयोगाने सिद्ध झाले नाही.

[दृश्य : बशीवरील चिठ्ठी, स्थिर]

एका प्रजातीला इस्रोचे नाव मिळाले, दुसरीला आर्यभटाचे. तिसरीचे नाव जॅनिबॅक्टर हॉयली असे ठेवले गेले. हॉइल ऑगस्ट 2001 मध्ये, म्हणजे पहिल्या फुग्यानंतर सात महिन्यांनी, निवर्तले होते.